अभ्यासिकेत फीट आली, आता त्या मुलाला काढून टाकू का?

पत्र थोडक्यात: दक्षिण नागपुरात घराच्या पहिल्या मजल्यावर अभ्यासिका चालवणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं आहे. मुलं-मुली बहुतेक गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. मे महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास २३ वर्षांचा एक मुलगा ओरडला, ताठ होऊन खुर्चीवरून कोसळला आणि हातपाय झाडू लागला. तोंडाला फेस आला, पँट ओली झाली. चौघांनी त्याचे हातपाय दाबून धरले. एकाने मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, कोणी डब्यातला चमचा दातांत घातला, कोणी खालून कांदा फोडून आणला. चमच्याने समोरच्या दाताचा टवका उडाला. झटके थांबल्यावर पाणी पाजलं तर ठसका लागला. मग तो उठून जिन्याकडे निघाला, मुलांनी आवळून धरलं तर त्याने एकाला जोरात ढकललं. अर्ध्या तासाने भानावर आला तेव्हा यातलं काहीच त्याला आठवत नव्हतं. सोळाव्या वर्षापासून गोळ्या सुरू आहेत आणि हल्ली त्या चुकत होत्या, हे त्याने नंतर सांगितलं आणि हात जोडले, "काका, घरी सांगू नका. बाबा परत बोलावून घेतील."

आठवडाभराने भर दुपारी लाईन गेली, कूलर बंद पडले. उपास असलेली एक मुलगी पाण्याच्या कॅनजवळ रांगेत उभी होती, ती तिथेच खाली गेली. मैत्रिणींनी उचलून खुर्चीत बसवलं तेव्हा तिचे हात दोन-तीनदा झटकले. संध्याकाळी एका पालकांचा फोन आला, "तुमच्याकडे मिरगी पसरली म्हणे!" पत्रलेखक विचारतात: मुलाला काढू का, की वडिलांकडून लेखी हमी घेऊ? घरी कळवू का? पालकांच्या ग्रुपवर काय टाकू? आणि पुन्हा असं झालं तर नेमकं करायचं काय?

नमस्कार भाऊ,

काढू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. हमीपत्रही नको, त्याचं कारण पुढे येईल.

आधी या दोन घटना वेगळ्या करू. मी दोघांनाही तपासलेलं नाही, त्यामुळे निदान माझ्याकडून नको, ते डॉक्टरच करतील. पण तुम्ही जे पाहिलं ते इतकं बारकाईने लिहिलंय की डॉक्टरला अर्धं काम झाल्यासारखं वाटेल. मुलाचं वर्णन फिटचं आहे. मुलीचं बहुधा साध्या भोवळीचं.

भोवळीत मेंदूत बिघाड काही होत नाही. उकाडा, रिकामं पोट, बराच वेळ एका जागी उभं राहणं, रक्त किंवा इंजेक्शन पाहणं, यातल्या कशानेही रक्तदाब एकदम उतरतो आणि डोक्याकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडतं. माणूस आडवा झाला की रक्त पोचतं आणि तो जागा होतो. म्हणजे पडणं हाच त्यावरचा शरीराने शोधलेला उपाय. तुमच्या त्या मुलींनी मायेपोटी मैत्रिणीला उचलून खुर्चीत बसवलं आणि नेमका तोच उपाय हिरावून घेतला. मेंदूला रक्त कमी पडत राहिलं तर भोवळीतही हात-पाय दोन-चार वेळा झटकतात. त्याला मिरगी म्हणत नाहीत.

मिरगीच्या फिटमध्ये मेंदूतल्या पेशींचे विजेचे संदेश एकदम, एकाच वेळी सुटायला लागतात. ते बाहेरून कोणाला थांबवता येत नाहीत, बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. फरक ओळखायचा तर मी म्हणेन, पडताना काय झालं यापेक्षा उठताना काय झालं ते बघा. भोवळ आलेली व्यक्ती अर्ध्या-एक मिनिटात डोळे उघडते, घामेजलेली असते, पांढरीफटक असते, पण "काय झालं मला?" असं नीट विचारते, समोरच्याला ओळखते. पडण्याआधी डोळ्यांसमोर अंधारी आली, कानात आवाज घुमला, मळमळलं, हेही तिला आठवतं. फिटनंतर माणूस घोरल्यासारखा श्वास घेतो, नजर हरवलेली असते, आणि जागेवर यायला दहा मिनिटं, कधी अर्धा-पाऊण तास लागतो. जिभेची कड चावली गेली असेल तर फिटकडे बोट जातं. कपडे ओले होणं मात्र दोन्हीत होऊ शकतं, त्यावरून ठरवू नका.

आता त्या रात्रीकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, "आम्ही जमेल ते सगळं केलं." अडचण तिथेच आहे. फिटमध्ये करण्यासारखं फार थोडं असतं, आणि न करण्यासारखं पुष्कळ. बघणाऱ्याला ते दोन मिनिटं हातावर हात ठेवून उभं राहणं सहन होत नाही, म्हणून किल्ल्या येतात, चप्पल येते, कांदा येतो. कांद्यावर तर आपला नागपूरकरांचा भारीच भरवसा, उन्हात निघताना खिशात तोच आणि फिटला नाकाशीही तोच! पण हिशेब करून बघा. मुलगा पडला, आरडाओरडा झाला, कोणी जिना उतरून खाली गेलं, कांदा शोधला, फोडला, वर आणला. तोवर दोन मिनिटं गेलेली असतात आणि फीट तशीही थांबत आलेली असते. श्रेय मात्र कांद्याच्या पदरात पडतं. पुढच्या वेळी तो आणखी खात्रीने आणला जातो.

कांद्याने निदान इजा तरी होत नाही. चमच्याने होते. जीभ गिळली जाईल या भीतीने तो घातला जातो, पण जीभ गिळली जात नाही, ती खालच्या बाजूने बांधलेली असते. फार तर कडेला चावली जाते आणि काही दिवसांत भरून येते. घट्ट मिटलेल्या जबड्यात स्टील कोंबलं तर दात तुटतो, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि बोट घातलं तर घालणाऱ्याचं बोट जातं. हातपाय दाबून धरल्याने झटके थांबत नाहीत, उलट खांदा निखळू शकतो. पाण्याचं तुम्ही स्वतःच पाहिलंत: गिळण्याचं भान आलेलं नसताना ओतलेलं पाणी फुप्फुसाकडे जातं, ठसका त्याचाच होता.

आणि ते ढकलणं. पत्रात तुम्ही "नंतर तो हिंसक झाला" असं लिहिलंय, आणि मला वाटतं त्याला काढून टाकण्याचा विचार खरं तर तिथून सुरू झाला आहे. भाऊ, त्या क्षणी तो कोणालाही ओळखत नव्हता. डोकं धुक्यात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि चारचौघं आवळून धरताहेत. त्याने अंग सोडवून घेतलं, एवढंच झालं. अशा वेळी पकडायचं नसतं. जिन्याच्या तोंडाशी एकाने उभं राहायचं, दार लोटून घ्यायचं, हळू आवाजात नाव घेऊन बोलत राहायचं आणि हलक्या हाताने वाट वळवायची. ज्याला धक्का बसला त्या मुलालाही हे समजावून सांगा, त्याच्या मनात अढी राहू नये.

मग करायचं काय? तुमच्या हॉलमध्ये एक गोष्ट अशी आहे जी कुठल्या लग्नमंडपात किंवा बसमध्ये सापडणार नाही: प्रत्येक जण घड्याळ लावून पेपर सोडवतो. कोणी पडलं की पहिला जो पाहील त्याने वेळ लावायची. दुसऱ्याने खुर्च्या, टेबलं, कूलर बाजूला सरकवायचे आणि डोक्याखाली दप्तर नव्हे, मऊ काहीतरी, दुपट्टा किंवा घडी केलेला शर्ट, द्यायचा. चष्मा काढायचा, गळ्याजवळचं बटण सैल करायचं. बाकीच्यांनी बाहेर जायचं, कारण भोवती पन्नास डोळे आणि दहा मोबाईल असताना ओल्या कपड्यात जागं होणं काय असतं याची कल्पना करा. एकाच जवळच्या मित्राने मिनिटभराचा व्हिडिओ घ्यायला हरकत नाही, मेंदूच्या डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. तो रुग्णाच्या हाती द्यायचा आणि आपल्या फोनमधून पुसून टाकायचा.

झटके ओसरले की लगेच कुशीवर वळवा. त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा त्याचा हात जमिनीवर बाजूला पसरा, पलीकडचा गुडघा वर दुमडा आणि त्या गुडघ्याला व खांद्याला धरून त्याला आपल्याकडे ओढा. तोंड किंचित खाली झुकलेलं राहिलं की लाळ बाहेर वाहते. वळवल्यावर श्वास बघा. घरघर चालेल, छाती नियमित हलली पाहिजे. हलत नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर ती फीट नाही असं धरा. हृदय बंद पडतानाही सुरुवातीला झटके दिसू शकतात. मग १०८ लावून, त्याला पुन्हा उताणं करून छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत.

प्रत्येक फिटला अँब्युलन्स लागत नाही. आधीच उपचार सुरू असलेल्या माणसाची नेहमीसारखी फीट दोन मिनिटांत थांबली आणि तो हळूहळू भानावर आला, तर सोबत बसणं पुरतं. पण घड्याळात ५ मिनिटं झाली तर थांबू नका, इतकी लांबलेली फीट सहसा औषधाशिवाय आटोपत नाही. भानावर न येता दुसरी फीट आली, आयुष्यातली पहिलीच असेल, डोक्याला मार लागला, मधुमेह असेल, स्त्री गरोदर असेल, किंवा पाण्यात फीट आली असेल, तरीही १०८ लगेच. तुमच्याकडचा जिना अरुंद असल्याचं तुम्ही लिहिलंय, तर फोन झाला की एकाला गल्लीच्या कोपऱ्यावर उभं करा. रात्री घर शोधण्यात वेळ फार जातो.

भोवळीला यापेक्षा सोपं. आडवं झोपवा, पाय फूटभर उंच करा, हवा येऊ द्या. पूर्ण जाग आल्यावरच घोट घोट पाणी, आणि दहा-पंधरा मिनिटं उठवू नका, लगेच उभं राहिलं की परत पडतात. अंधारी येतेय असं स्वतःलाच जाणवलं तर रांगेतली जागा सोडून खाली बसावं. बसायला जागाच नसेल तर पाय एकमेकांवर आवळून मांड्या ताणायच्या, मुठी घट्ट मिटायच्या, त्याने रक्तदाब थोडा सावरतो. मात्र धावताना किंवा जिना चढताना शुद्ध गेली, त्याआधी छातीत दुखलं किंवा धडधडलं, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ती भोवळ साधी समजू नका, ती हृदयाची असू शकते.

खोली फिरतेय असं वाटणारी चक्कर बऱ्याचदा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून येते. बसवा, मान हलवू देऊ नका, ओसरते. पण सोबत तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला तर तो लकवा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेव्हा "थोडं पडून राहा" म्हणू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला आणि तो गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नाही.

आपल्याकडच्या मे महिन्यासाठी एक वेगळी गोष्ट. अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात. त्यातही झटके येतात. १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. तापाची गोळी इथे कामाची नाही. लाईन गेल्यावर दुपारी हॉल किती तापतो ते तुम्हाला माहीत आहे. इन्व्हर्टरवर निदान पंखे चालतील एवढं बघा, आणि पाण्याच्या कॅनसोबत मीठ-साखरेचं सरबत ठेवा.

आता मुलाबद्दल. हमीपत्राने काय होईल? वडील सही करतील, तुमच्या फाईलला कागद लागेल, आणि पुढच्या वर्षी प्रवेश घेणारा असाच मुलगा आजार लपवेल. लपवलेल्या फिटला सगळ्यात जास्त धोका असतो, कारण आजूबाजूच्या कोणालाच काय करायचं ते माहीत नसतं. त्याने लपवलं याचा तुम्हाला राग आलाय, तो मला समजतो. पण जरा त्याच्या जागी बसून बघा. आपल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून वारंवार येणारी मिरगी ही लग्नाला आड येणारी अट होती, ती १९९९ मध्ये काढली गेली. कायद्याने सोडलं, गावाने अजून सोडलेलं नाही. असा मुलगा खोलीमालकाला, मेसवाल्याला, अभ्यासिकावाल्याला सांगत सुटेल का?

हमीऐवजी त्याच्याशी एकट्याने बोला, ऑफिसचं दार लावून. "तुला काढत नाहीये" हे पहिलं वाक्य असू द्या, नाहीतर पुढचं त्याला ऐकूच येणार नाही. मग एका कागदावर त्याच्याच हाताने लिहून घ्या: गोळ्यांची नावं आणि वेळा, फीट येण्याआधी काही जाणवतं का, साधारण किती वेळ चालते, डॉक्टर कोण, फोन कोणाला करायचा. त्याच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा तातडीचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय, तेही. हा कागद तुमच्या ड्रॉवरमध्ये, आणि त्याने निवडलेल्या दोन मित्रांना माहीत. एवढंच.

गोळ्या का चुकल्या हेही विचारा, रागावून नव्हे. पैसे संपले? गावाहून येताना आणल्या नाहीत? की दोन वर्षं काही झालं नाही म्हणून त्याला वाटलं, आता बरा झालो? गोळी अचानक बंद करणं आणि रात्र रात्र जागणं, ही दोन्ही फीट यायची नेहमीची कारणं. तुमचा हॉल रात्रभर उघडा असतो. त्याला अभ्यासाची बंदी नको, पण अकरानंतर खोलीवर जाऊन झोपण्याचा करार त्याच्याशी करायला हरकत नाही. चुकलेल्या गोळ्या मनाने दुप्पट घ्यायच्या नाहीत. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये मेंदूविकाराचा विभाग आहे, तिथे एकदा दाखवून यायला सांगा, शक्य झाल्यास तुम्ही सोबत जा. नियमित औषधाने साधारण दहातल्या सात जणांच्या फिटा आटोक्यात येतात, हे त्याला तुमच्यासमोर डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

घरी सांगायचं का? मुलगा २३ वर्षांचा आहे, आजार त्याचा आहे, तर सांगण्याचा हक्कही त्याचा. पण तुमच्यावर गुपिताचं ओझं टाकण्याचा हक्क त्याला नाही. त्याला स्पष्ट सांगा: "आज मी फोन करत नाही. पण पुन्हा झालं आणि दवाखान्यात न्यावं लागलं तर मी आधी १०८ लावीन आणि मग बाबांना. त्याआधी तूच सांगितलंस तर बरं." माझा अंदाज असा की त्याला वडिलांच्या रागाची नाही, परत बोलावलं जाण्याची भीती आहे. तेव्हा त्याची तयारी असेल तर त्याने फोन केल्यावर तुम्हीही दोन शब्द बोला, "मुलगा अभ्यास चांगला करतोय, इथे आम्ही आहोत." गावातल्या बापाला शहरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं हे वाक्य पुष्कळ असतं.

जागेतले बदल फार खर्चाचे नाहीत. त्याची खुर्ची जिन्यापासून आणि कूलरपासून लांब, भिंतीच्या कडेला. कूलरखाली साचणारं पाणी आणि उघडी वायर या दोन्हींचं तुम्ही असंही काही करायलाच हवं होतं. संडासाची कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा. गच्चीवर कठड्याला टेकून वाचत बसायची मुलांना सवय असते, ते त्याला नको. आणि तो गाडी चालवतो का ते विचारा: लायसन्सच्या अर्जातच मिरगी, अचानक शुद्ध हरपणं किंवा चक्कर येणं याबद्दल प्रश्न आहे, आणि तो प्रश्न तिथे उगाच नाही. सध्या त्याने मेट्रोने किंवा मित्राच्या मागे बसून यावं.

ग्रुपवर त्याचं नाव, खूण, काहीही टाकू नका. तुम्ही नाव न घेता लिहिलं तरी सगळ्यांना कळणारच आहे, म्हणून घटनेबद्दल लिहूच नका. एवढं लिहा: "येत्या रविवारी सकाळी ८ वाजता अभ्यासिकेत अर्धा तास प्रथमोपचार: चक्कर, भोवळ, फीट आणि ऊन लागणं. सर्वांनी यावं." जवळच्या एखाद्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना बोलवा, एकमेकांना कुशीवर वळवायचा सराव करून घ्या. हसतील, खिदळतील, पण हात शिकतील.

राहिला त्या पालकांचा फोन. मिरगी पसरत नाही. तोंडातला फेस म्हणजे नुसती घुसळलेली लाळ, तिला हात लागल्याने कोणाला काही होत नाही, हे त्यांना सरळ सांगा. मुलाबद्दल काही विचारलं तर "दुसऱ्यांच्या मुलांच्या तब्येतीबद्दल मी बोलत नाही, तुमच्या मुलीबद्दलही दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही" म्हणा. आणि ज्या मुलीला भोवळ आली तिच्या घरी तुम्ही स्वतः फोन करा: एकदा डॉक्टरांना दाखवून रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या म्हणावं, आणि मे महिन्यातले उपास तिने पाण्यावर काढू नयेत.